वळिवड्याचं पुण्य कुणाच्या खात्यावर?



आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर ठरावीक काळाने फिरत असतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी वॉर्सात जाऊन तिथल्या कोल्हापूर स्मारकाला पुष्पचक्र वाहिलं, तेव्हापासून तर त्याला ऊतच आला आहे. मजकूर थोडक्यात असा : दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांना साऱ्या जगाने दारं बंद केली. तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांचं मन द्रवलं. त्यांनी पाच हजार पोलिश लोकांना वळिवड्यात आसरा दिला, जेवू घातलं, त्यांची आयुष्यं उभी करून दिली. अशी आपली थोर संस्कृती! आणि खाली जोडलेल्या हातांची चित्रं ओळीने.

मला या मजकुराचा राग येतो. वळिवड्याची छावणी खोटी आहे म्हणून नव्हे. ती खरीच होती, आणि आमच्या इस्लामपूरपासून (२०२५ साली सरकारने ईश्वरपूर हे नाव जाहीर केलं, पण जुन्या माणसाच्या तोंडात जुनंच बसलंय) तासा-दीड तासाच्या अंतरावर होती. राग येतो तो यासाठी, की या गोष्टीत ते पाच हजार लोक नुसते नावाला आहेत. गोष्ट सगळी आपली. आपलं मन, आपलं दान, आपली संस्कृती. ज्यांनी घर, नवरा, मुलं, देश सगळं गमावलं आणि त्यातून पुन्हा उभं राहून दाखवलं, त्यांच्या वाट्याला फक्त हात पसरायचं काम!

म्हणून हे लिहितोय. नातेवाइकांनी रागावू नये. रागावलात तरी शेवटपर्यंत वाचा म्हणजे झालं.

आधी ही माणसं कोण होती ते बघू. १ सप्टेंबर १९३९ ला हिटलरने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला, हे आपण शाळेत शिकवतो. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून स्टालिनचं सैन्य घुसलं, हे बहुतेकदा शिकवायचं राहून जातं. पूर्व पोलंड रशियाने गिळला आणि फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत चार खेपांमध्ये लाखो लोकांना घराबाहेर काढून, मालगाडीच्या डब्यात कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानला धाडलं. सैनिकांची कुटुंबं, पोलिसांची कुटुंबं, वनरक्षक, शेतकरी, शिक्षक. गुन्हा काय? पोलिश असणं. थंडीत झाडं तोडायची, मोजून मिळेल तेवढी भाकरी खायची, आणि देवाचं नाव उघडपणे घ्यायचं नाही. यात बहुसंख्य रोमन कॅथलिक ख्रिस्ती होते. काही ऑर्थोडॉक्स होते, काही ज्यूही होते. तेव्हा त्यांना निव्वळ ख्रिस्ती म्हणून हाकललं असं मी म्हणणार नाही. पण त्यांचं पोलिश असणं आणि त्यांचं चर्च या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, हे हाकलणाऱ्यालाही ठाऊक होतं.

१९४१ च्या जूनमध्ये हिटलर रशियावर उलटला आणि स्टालिनला मित्रांची गरज पडली. जुलैअखेरीस पोलंडच्या लंडनमधल्या हद्दपार सरकारशी करार झाला आणि या लोकांना 'माफी' मिळाली. (न केलेल्या गुन्ह्याची माफी! शब्दांचे असे विनोद राजकारणातच होतात.) जनरल आंदेर्सच्या हाताखाली पोलिश सैन्य उभं राहू लागलं, आणि त्या सैन्याच्या मागोमाग बायका-मुलं दक्षिणेकडे निघाली. १९४२ साली कॅस्पियन समुद्र ओलांडून एक लाखाहून अधिक माणसं इराणच्या पहलवी बंदरात उतरली. त्यात कितीतरी तिथे पोचल्यावर रोगराईने मेली. उरलेल्यांना ठेवायचं कुठे हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा काही जण कराचीमार्गे आपल्याकडे आले.

आता मजकुरातलं पहिलं वाक्य घ्या. साऱ्या जगाने दारं बंद केली म्हणे! इराणने लाखाहून अधिक माणसं उतरवून घेतली. तिथल्या इस्फहानमध्ये इतकी पोलिश मुलं राहिली की त्या शहराला पोलिश मुलांचं शहर म्हणू लागले. टांगानिका, युगांडा अशा पूर्व आफ्रिकेतल्या प्रदेशांत आपल्या कितीतरी पट लोक गेले. मेक्सिकोने घेतले. न्यूझीलंडने १९४४ साली सातशेच्या वर मुलं घेतली. आपण थोर ठरावं म्हणून इराणच्या मुसलमान शेतकऱ्याला आणि आफ्रिकेतल्या काळ्या माणसाला गोष्टीतून पुसून टाकायचं, ही कसली संस्कृती?

दुसरं वाक्य, महाराजांचं. कोल्हापूरचे राजाराम महाराज १९४० साली वारले. १९४३ च्या मध्यात वळिवड्याला पहिली कुटुंबं आली तेव्हा गादीवर होतं दत्तक घेतलेलं दीड-दोन वर्षांचं मूल. कारभार रीजन्सी बघत होती. त्या बाळराजाचं मन द्रवलं असेल तर तो चमत्कारच. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी बालाचडीला शेकडो पोलिश मुलांना खरोखर स्वतःच्या जबाबदारीवर ठेवून घेतलं, त्यात पुढाकार घेतला, आणि वॉर्सातल्या एका चौकाला 'भल्या महाराजांचा चौक' असं नाव आहे ते त्यांच्यामुळे. लोकांनी जामसाहेबांची टोपी उचलून कोल्हापूरच्या डोक्यावर ठेवली आहे. वळिवड्याची जागा कोल्हापूर संस्थानाची, हे खरं. योजना ब्रिटिश हिंदुस्थान सरकारची. आणि खर्च? तो मुख्यतः लंडनमधल्या त्या हद्दपार पोलिश सरकारच्या खात्यावर, ब्रिटिशांकडून काढलेल्या कर्जातून. म्हणजे ज्यांचा देश गेला त्यांनी उधार काढून आपली माणसं सांभाळली, आणि ऐंशी वर्षांनी आपण म्हणतो, जेवू घातलं! आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय.

बरं, जेवू घातलं हेही खरं नाही. वळिवड्यात लंगर नव्हता. कुटुंबाला दरमहा ठरावीक भत्ता मिळे, आणि बायका आपापल्या चुलीवर रांधत. ही बारीकसारीक गोष्ट वाटेल. मला ती सगळ्यात मोठी वाटते. तीन वर्षं दुसऱ्याने मोजून दिलेल्या तुकड्यावर जगलेल्या बाईला स्वतःच्या पैशाने बाजारातून भाजी निवडून घेता येणं, आज काय करायचं हे स्वतः ठरवता येणं, यातून माणूस पुन्हा माणसात येतो.

मराठीत दोन शब्द आहेत. एक निर्वासित, दुसरा आश्रित. मी जन्मभर मराठी शिकवलं, त्यामुळे शब्दांवर थांबायची सवय आहे, सांभाळून घ्या. निर्वासित म्हणजे ज्याला वस्तीतून बाहेर काढलं तो. त्या शब्दात त्याच्यावर झालेला अन्याय आहे. आश्रित म्हणजे जो दुसऱ्याच्या घरी राहतो, खाली मान घालून जेवतो, आणि ज्याला येता-जाता उपकाराची आठवण करून दिली जाते. जुन्या वाड्यांतून असे आश्रित असत, आपल्यापैकी काहींनी ते पाहिले असतील. आपला हा फिरता मजकूर काय करतो? निर्वासिताला आश्रित करून टाकतो. त्याचा अन्याय पुसतो आणि आपला उपकार कोरतो.

मग वळिवड्यात प्रत्यक्षात काय घडलं? रुकडी आणि कोल्हापूरच्या मधे, रेल्वेच्या कडेला बराकींच्या लांबच लांब रांगा. तट्ट्यांच्या भिंती, वर कौलं. प्रत्येक कुटुंबाला दोन-दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा, ओसरी. सुमारे पाच हजार वस्ती, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, कारण पुरुष सैन्यात. मे १९४४ मध्ये इटलीत मोंते कासिनोची लढाई पोलिश सैनिकांनी जिंकली, तेव्हा ज्यांचे नवरे, भाऊ तिथे पडले अशा बायका इथे पंचगंगेच्या खोऱ्यात राहत होत्या.

या बायकांनी, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या शिक्षकांनी, पाद्र्यांनी पाच वर्षांत तिथे एक गाव उभं केलं. बालवाड्या, प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, व्यवसायशिक्षण, सगळं पोलिश भाषेत. चर्च. दवाखाना. नाटकं. बालवीरांची पथकं. दुकानं. छावणीचा कारभार त्यांचा त्यांनी चालवलेला. मुंबईहून त्यांचं पोलिश भाषेत नियतकालिक निघे, त्याचं नाव 'पोलाक व इंदियाख', म्हणजे भारतातला पोलिश माणूस. छातीच्या विकारांसाठी, अशक्त मुलांसाठी आपल्या साताऱ्यात पाचगणीला आरोग्यकेंद्र होतं, आणि काही मुलं पाचगणीच्या शाळांतही शिकली. बालाचडीची छावणी १९४६ साली बंद झाली तेव्हा तिथली उरलेली मुलंही वळिवड्याला आली.

शाळा त्यांच्या भाषेत होती, या गोष्टीवर मी पुन्हा येतो, कारण ती शिक्षकालाच कळेल. पोलंडच्या नकाशाची तेव्हा काही शाश्वती नव्हती. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला तीन बड्यांनी बसून त्यांची पूर्वेकडची गावं स्टालिनला देऊन टाकली. जुलै १९४५ मध्ये ब्रिटिशांनी त्यांच्या लंडनमधल्या सरकारची मान्यताही काढून घेतली. म्हणजे ज्या घराची वाट बघायची ते घरच दुसऱ्या देशात गेलं. अशा वेळी पोराला पोलिश व्याकरण शिकवायचं कशाला, असं एखादा व्यवहारी माणूस म्हणाला असता. त्या शिक्षकांनी शिकवलं. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. इंग्लंड, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, काही परत पोलंड, अशी ही मुलं पांगली, तेव्हा त्यांच्याजवळ एक गोष्ट शाबूत होती. आपण कोण आहोत हे त्यांना ठाऊक होतं. पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी भारतात राहिलेल्या पोलिश लोकांची संघटना काढली, मेळावे भरवले, स्वतःच्या आठवणींचा जाडजूड ग्रंथ काढला. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभा आहे, तोही त्यांच्या कृतज्ञतेतून. कृतज्ञता त्यांनी दाखवली, ते शोभलं. ती आपण त्यांच्याकडून वसूल करत फिरणं शोभत नाही.

मग आपलं त्यात काहीच नाही का? आहे, आणि ते मजकुरात लिहिलंय त्याहून जास्त मोलाचं आहे. आपण त्यांना त्यांच्यासारखं राहू दिलं. वळिवडे, रुकडी, कोल्हापूर या भागातल्या साध्या माणसांनी त्यांना भाजी विकली, दूध घातलं, त्यांच्या मिरवणुका पाहिल्या. कुणी त्यांना धर्म विचारून वेशीवर अडवलं नाही. आणि काळ कोणता, हे ध्यानात घ्या. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या इस्लामपुरात ब्रिटिश सरकारच्या पोलिसांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या होत्या. प्रतिसरकारचा काळ. त्याच ब्रिटिशांच्या दोस्तांची बायका-मुलं वर्षभरात शेजारी येऊन राहिली. बंगालमध्ये १९४३ च्या दुष्काळाने माणसं रस्त्यावर मरत होती, इकडेही धान्याची चणचण. एवढं असून वळिवड्याची छावणी पाच वर्षं नांदली. हे खरं श्रेय. जागा, वेळ आणि स्वस्थता. यापलीकडे आपण काही दिलं नाही, आणि यापलीकडे काही द्यायची गरजही नव्हती. बाकीचं त्यांचं त्यांनी केलं.

याला दुसरा पुरावा तिथेच आहे. पोलिश लोक गेले आणि त्याच बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबं आली. तीही धर्मामुळे घर सोडून आलेली. आज तिथे गांधीनगर आहे. कोल्हापूर-सांगलीत लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला गेला नाही असं घर विरळा. आता कुणी म्हणतं का, की आम्ही सिंध्यांना उभं केलं? नाही म्हणत, कारण ते समोर आहेत, दुकानात बसलेत, ऐकतील तर हसतील. पोलिश दूर आहेत म्हणून त्यांच्याबद्दल काहीही ठोकून देता येतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो, आणि इथेच काही वाचक माझ्यावर रुसणार आहेत.

छळ होऊन परागंदा झालेल्या ख्रिस्ती लोकांबद्दल आपल्याकडे दोन भजनी मंडळं आहेत. पहिलं मंडळ इराकवर गातं. २०१४ च्या जूनमध्ये 'इसिस'ने मोसुल घेतलं, जुलैत तिथल्या ख्रिस्ती लोकांना फर्मान काढलं, धर्म बदला, कर द्या, नाहीतर मरा. त्यांच्या घरांवर 'नून' हे अक्षर काढलं, नसरानी म्हणजे ख्रिस्ती अशी खूण. ऑगस्टमध्ये काराकोश हे मोठं ख्रिस्ती गाव एका रात्रीत रिकामं झालं आणि लोक एर्बिलजवळच्या अंकावात तंबूत राहिले. हे सगळं खरं आहे, भयंकर आहे. पण या मंडळाला २००८ सालचं कंधमाल आठवत नाही. स्वामी लक्ष्मणानंदांचा खून झाला, तो निंद्यच. त्यानंतर ओडिशातल्या त्या जिल्ह्यात ज्यांचा त्या खुनाशी काही संबंध नव्हता अशा गरीब ख्रिस्ती आदिवासी-दलितांची घरं आणि चर्चं जाळली, हजारो माणसं जंगलात आणि छावण्यांत गेली. यावर मंडळ गप्प.

दुसऱ्या मंडळाचं उलट. ते कंधमालवर बोलतं, मणिपूरवर बोलतं, आणि मोसुलचं नाव काढलं की घसा खाकरतं. का, तर उगाच मुसलमानांविरुद्ध वातावरण तापेल. अहो, ज्याच्या घरावर 'नून' काढला त्याने तुमच्या वातावरणाची काळजी वाहायची का? दोन्ही मंडळांना उखडलेल्या माणसाशी देणंघेणं नाही. तो दुसऱ्याला मारायची काठी म्हणून उपयोगी पडतो तेवढ्यापुरता हवा.

काराकोशची माणसं २०१६ च्या अखेरीस गाव मोकळं झाल्यावर हळूहळू परतू लागली. सगळी नाहीत, पुष्कळ परदेशी गेली ती गेलीच. परतलेल्यांनी जळकं चर्च धुऊन-पुसून उभं केलं, शाळा लावल्या. मार्च २०२१ मध्ये पोप तिथे गेले तेव्हा जगाने ते पाहिलं. क्रम बघा, वळिवड्यासारखाच. आधी डोक्यावर छप्पर, मग लगेच शाळा आणि प्रार्थनेची जागा. दोन हजारांहून अधिक मैल आणि सत्तर वर्षांचं अंतर, पण माणूस तोच.

आणि आपल्या देशात? ३ मे २०२३ ला मणिपूर पेटलं. अडीचशेहून अधिक माणसं गेली, साठ हजार घराबाहेर पडली. कुकी-झो बहुतेक ख्रिस्ती, त्यांची गावं जळाली. मैतेईंचीही घरं जळाली, आणि मैतेईंमधल्या ख्रिस्ती लोकांचीही चर्चं जळाली, म्हणजे त्यांना दोन्हीकडून मार. दोन वर्षं उलटून गेली तरी हजारो माणसं छावणीतच होती. आपल्याच देशातली. त्यांच्यासाठी आमच्या गटावर किती जोडलेले हात आले? मी मोजले. एकही नाही.

आता ज्यांना वळिवड्याचे वारस व्हायची हौस आहे, त्यांना एक पत्ता सांगतो. मिझोराम. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारात लष्कराने सत्ता बळकावली आणि चिन प्रांतातले लोक, जे बहुतेक ख्रिस्ती आहेत, सीमा ओलांडून मिझोरामात आले. तीस हजारांहून जास्त. दिल्लीहून मार्चमध्ये पत्र आलं, की राज्यांना कुणालाही निर्वासित ठरवायचा अधिकार नाही, लोकांना अडवा, परत पाठवा. तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना उलट पत्र लिहिलं, की हे आमच्याच रक्ताचे लोक आहेत, त्यांच्या दुःखाकडे आम्हाला पाठ फिरवता येणार नाही. चर्चने आणि यंग मिझो असोसिएशनने वर्गण्या काढल्या, बांबूच्या झोपड्या उभ्या केल्या. आणि त्याच वर्षी तिथल्या शिक्षण खात्याने शाळांना कळवलं, की या मुलांना दाखल करून घ्या. पुढे मणिपूरची हजारो कुकी माणसंही तिथेच गेली. २०२३ च्या शेवटी सरकार बदललं, नवे मुख्यमंत्री आले, धोरण बदललं नाही.

मिझोरामची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साधारण अकरा लाख. आपल्या एकट्या सांगली जिल्ह्याची अठ्ठावीस लाख. गणित करा. मिझोरामने उचलला त्या प्रमाणात भार उचलायचा, तर सांगली जिल्ह्याला पाऊण लाख माणसं ठेवून घ्यावी लागतील. आणि आपण ऐंशी वर्षांपूर्वीच्या पाच हजारांवर, तेही दुसऱ्याच्या पैशाने, अजून मिशीला तूप लावून फिरतोय!

कुणी म्हणेल, मिझो आणि चिन हे नात्यातलेच, त्यात काय मोठेपणा. नातं आहे, खरं आहे. पण नात्यातल्या माणसालाही दारात बघून दिवा मालवणारे आपण पाहिलेत की.

माझा एक पुतण्या आहे, चांगला शिकलेला. तो म्हणतो, "काका, आधी आपल्या लोकांचं बघा ना. आपले धरणग्रस्त अजून खेटे घालताहेत." पुतण्याचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्याने काढलेला निष्कर्ष नाही. कोयनेचे, वारणेचे विस्थापित आपल्या भागात येऊन वसले. महाराष्ट्राने १९७६ साली पुनर्वसनाचा कायदा केला, पुढे दोनदा नवा केला, तरी धरणग्रस्तांची मुलं-नातवंडं सात-बाऱ्यासाठी मोर्चे काढत राहिली. आता सांगा, धरणग्रस्ताला न्याय मिळाला नाही तो काय चिन निर्वासितांनी खाल्ला म्हणून? त्याला तो आपणच दिला नाही. ज्याला घराबाहेर काढलेला माणूस कळत नाही, त्याला कुठलाच कळत नाही, मग तो कोयनेचा असो वा काराकोशचा. 'आधी आपले' म्हणणारे आपल्यांसाठी तरी कधी मोर्चात दिसलेत?

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. कोण येतंय हे सरकारने बघावं, नोंद ठेवावी, गुन्हेगाराला पकडावं, यात वाद नाही. पण त्यासाठी कायदा लागतो, आणि आपल्याकडे तोच नाही. १९५१ च्या निर्वासितांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. १९४६ चा परकीय नागरिकांचा कायदा जाऊन २०२५ साली नवा आला, त्यातही निर्वासित म्हणजे कोण याची व्याख्या नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत ख्रिस्ती आहेत, पण पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान या तीनच देशांतले, आणि तेही २०१४ अखेरपर्यंत आलेले. म्यानमारचा ख्रिस्ती त्यात बसत नाही. त्याचा छळ मुसलमानाने केला नाही, बौद्धबहुल देशाच्या लष्कराने केला, म्हणून तो कमी छळला गेला का? ब्रिटिशांनी पोलिश लोकांशी याल्टात दगाबाजी केली, पण निदान १९४७ साली त्यांच्यासाठी संसदेत खास पुनर्वसन कायदा तरी केला. वळिवड्यातून गेलेली पुष्कळ कुटुंबं इंग्लंडमध्ये स्थिरावली ती नुसत्या कुणाच्या दयेवर नव्हे, कायद्याच्या आधारावर. दया करणाऱ्याचा मूड बदलतो. कायद्याला मूड नसतो.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. देशाला निर्वासितांचा कायदा हवा, ज्यात धर्माचा रकाना नसेल. छावणी उघडली की महिन्याच्या आत तिथे शाळा उघडली पाहिजे, आणि निदान पहिली काही वर्षं मुलांच्या भाषेत. रेशनच्या गोण्यांऐवजी जमेल तिथे बाईच्या हातात रोख भत्ता द्यावा. छावणीचा कारभार छावणीतल्या लोकांकडे द्यावा. यात माझ्या डोक्यातून निघालेलं काही नाही. हे सगळं १९४३ साली वळिवड्यात होतं. पाठ्यपुस्तकात वळिवड्याचा धडा घालायचाच असेल तर हा घाला. राजाचं मन द्रवल्याची कथा नको, ती मुलांना काही शिकवत नाही, फक्त फुगवते.

कायदा यायचा तेव्हा येईल. तोवर आज मिझोरामच्या एखाद्या शाळेत, मोडक्या बाकावर, चिन प्रांतातून आलेली एखादी पोरगी नवी लिपी-भाषा गिरवत बसली असेल. तिला घुसखोर म्हणू नका, एवढं तर तुमच्या-माझ्या हातात आहे ना?

असो. बरंच लांबलं. पटलं नसेल त्यांनी जरूर लिहावं. मी निवृत्त माणूस आहे, वाद घालायला वेळच वेळ आहे.